घटक ४ : नातेसंबंध, सामाजिक जाळी आणि भाषाव्यवहार (भोर-वेल्हे परिसराच्या आधारे)

४.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• मानवी नातेसंबंधांविषयीच्या प्रमुख समाजशास्त्रीय सिद्धान्तांचा परिचय करून देता येईल;
• 'सामाजिक जाळे', 'घनता', 'बहुपदरीपणा', 'दृढ बंध', 'क्षीण बंध' या संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येतील;
• नात्यांची रचना आणि बोलीचे टिकणे-बदलणे यांतील संबंध सांगता येईल;
• स्वतःच्या गावातील भाषाव्यवहाराची या दृष्टीने पाहणी करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, पुण्याहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या एस.टी.त एखादा अनोळखी माणूस शेजारी येऊन बसला, तर बोलण्याची सुरुवात बहुधा त्याच्या नावापासून होत नाही. "पाव्हणं, गाव कंचं?" हा पहिला प्रश्न असतो आणि "कुणापैकी?" हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की विचारणारा क्षणभर थांबतो, मनातल्या मनात काही धागे जुळवतो आणि म्हणतो, "म्हणजे अमक्याच्या साडूचे तुम्ही." त्यानंतर 'पाव्हणं' जाऊन 'मामा' किंवा 'दादा' येते. क्वचित 'तुम्ही'ची जागा 'तू' घेतो.

या छोट्याशा संवादात एक मोठी सामाजिक क्रिया घडते. 'कुणापैकी' हा शब्द माणसाचे स्थान विचारतो. ते स्थान भूगोलातले नसते, तर नात्यांच्या जाळ्यातले असते; आणि ते निश्चित झाल्याशिवाय बोलणाऱ्याला सर्वनाम निवडता येत नाही, संबोधन ठरवता येत नाही. मागील घटकात आपण भाषेचा विचार ध्वनी, रूप आणि वाक्य या पातळ्यांवर केला. प्रस्तुत घटकात भाषा ज्या नात्यांमधून वाहते, त्या नात्यांच्या रचनेचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी भोर आणि वेल्हे (आता राजगड) हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील दोन डोंगरी तालुके उदाहरण म्हणून घेतले आहेत. २०११च्या जनगणनेनुसार वेल्ह्याची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास होती. पुणे जिल्ह्यातील हा सर्वांत कमी लोकसंख्येचा तालुका. खोऱ्याखोऱ्यांत विभागलेली वस्ती, घाटांतून कोकणाशी असलेला संबंध, मुंबई-पुण्याकडे होणारे स्थलांतर आणि धरणांमुळे झालेले विस्थापन या चारही गोष्टी येथे एकत्र आढळत असल्याने हा परिसर अभ्यासास विशेष उपयुक्त आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ नात्याकडून जाळ्याकडे

माणसे एकत्र का राहतात, या प्रश्नाची पद्धतशीर उत्तरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली जाऊ लागली. फेर्डिनांड ट्योनिस या जर्मन अभ्यासकाने १८८७ मध्ये मानवी सहजीवनाचे दोन प्रकार कल्पिले. पहिला प्रकार 'समुदाय'. यात रक्त, भूमी आणि श्रद्धा यांनी माणसे बांधलेली असतात. दुसरा प्रकार 'समाज'. यात हेतू, करार आणि हिशेब यांनी माणसे जोडली जातात. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये श्रमविभागणीचा विचार करताना सारखेपणातून येणारी 'यांत्रिक एकात्मता' आणि परस्परावलंबनातून येणारी 'सेंद्रिय एकात्मता' असा भेद केला.

हे दोन्ही विचार समाजाला एकसंध वस्तू मानून त्याचे प्रकार पाडतात. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथातील गाव पाहिले, की ही विभागणी किती ढोबळ आहे हे लक्षात येते. त्या गावात जन्माने ठरलेली नाती आहेत, तशीच सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा बलुतेदारांची परस्परावलंबी श्रमविभागणीही आहे. म्हणजे दुर्खीमने सांगितलेल्या दोन्ही एकात्मता एकाच गावकुसात नांदतात. त्या नांदण्यात समता मात्र नव्हती, हे विसरता येत नाही.

यापुढचे पाऊल जॉन बार्न्स या मानववंशशास्त्रज्ञाने टाकले. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या बेटावरील ब्रेम्नेस या वस्तीतील लोकजीवनाचा अभ्यास त्याने १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. गावाची शासकीय रचना आणि मासेमारीचा व्यवसाय यांच्या पलीकडे आप्त, मित्र व परिचित यांचे सीमा नसलेले एक क्षेत्र त्याला दिसले. प्रत्येक माणूस हा एक बिंदू, नाते ही त्या बिंदूंना जोडणारी रेषा आणि या रेषांचे मिळून होणारे ते जाळे, अशी त्याची मांडणी होती. 'सामाजिक जाळे' ही संज्ञा विश्लेषणाचे साधन म्हणून येथून रूढ झाली.

जाळ्याचे वर्णन करताना दोन गुण प्रामुख्याने पाहतात. माझ्या ओळखीची माणसे एकमेकांनाही किती प्रमाणात ओळखतात, याला घनता म्हणतात. एकाच माणसाशी माझी किती प्रकारची नाती आहेत, याला बहुपदरीपणा म्हणतात. शेजारी हाच चुलतभाऊ, तोच बांधकरी आणि भजनी मंडळातला टाळकरीही तोच असेल, तर ते नाते चारपदरी झाले.

४.३.२ भावकी, सोयरीक आणि सावड

भोर-वेल्ह्यातील पारंपरिक खेडे हे दाट आणि बहुपदरी जाळ्याचे ठळक उदाहरण आहे. या जाळ्याचे तीन मुख्य धागे सांगता येतील.

पहिला धागा *भावकीचा*. समान पूर्वजापासून आलेली, बहुधा एकाच आडनावाची घरे एका आळीत किंवा वाडीत राहतात. जमिनीची वाटणी, सुतक, देवाचा मान या साऱ्यांत भावकी एक असते. वादही बांधावरून तिच्यातच होतात.

दुसरा धागा *सोयरिकीचा*. भावकीत लग्न होत नाही. म्हणून सोयरीक नेहमी जाळ्याबाहेर हात टाकते. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांच्या अभ्यासात (१९५३) उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर असलेल्या महाराष्ट्राचे मिश्र रूप दाखवून दिले. मामाच्या मुलीशी विवाह मान्य असणे हे त्यातील दक्षिणेकडचे लक्षण. अशा विवाहांत जुन्याच सोयरिकीला पुन्हा पीळ बसतो. मराठीने या नात्यांसाठी घडवलेले शब्द पाहा. दोन बहिणींचे नवरे एकमेकांचे 'साडू', वधूवरांचे वडील एकमेकांचे 'व्याही' आणि आया 'विहिणी'. ज्या नात्याला समाजात काम असते, त्याला भाषेत नाव मिळते.

तिसरा धागा *श्रमाचा*. पावसाळ्यात भाताची चिखलणी आणि लावणी काही दिवसांतच उरकावी लागते. एका घराच्या हातांनी ते काम होत नाही. म्हणून आज तुझ्या खाचरात, उद्या माझ्या, अशी पाळी लावली जाते. महाराष्ट्रात सावड, इर्जिक, वारंगुळा अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या प्रथांचे तपशील वेगवेगळे असले, तरी त्यांचे मूळ तत्त्व परतफेडीचे आहे. मार्सेल मॉस याने १९२५ मध्ये भेटवस्तूविषयी जे सांगितले, ते येथे लागू पडते : दिलेले घ्यावेच लागते, घेतलेले फेडावेच लागते आणि या देण्याघेण्यातून नाते जिवंत राहते. सावडीचा हिशेब कागदावर नसतो; तो गावाच्या स्मरणात असतो.

दाट जाळे आधार देते, तसेच ते जखडतेही. सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून सगळ्यांची सगळ्यांवर नजर असते. या रचनेचे सर्वांत कठोर रूप म्हणजे 'वाळीत टाकणे'. त्यात एखाद्या माणसाचे सारे धागे एकाच वेळी कापले जातात. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा महाराष्ट्राला २०१६ मध्ये करावा लागला, यावरून या सामर्थ्याची दुसरी बाजू ध्यानात यावी. जातीची उतरंडही याच जाळ्यातून संबोधनात उतरत आली. ब्राउन आणि गिलमन यांनी १९६० मध्ये सर्वनामांच्या निवडीमागे 'सत्ता' आणि 'जवळीक' ही दोन तत्त्वे असल्याचे दाखवले. आईला म्हटलेले 'तू' जवळिकीचे असते. वयाने थोर असलेल्या बलुतेदाराला पाटलाच्या पोराने म्हटलेले 'तू' सत्तेचे असे. रूप एकच असले, तरी त्यामागची रचना निराळी असते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) घनता आणि बहुपदरीपणा यांतील फरक स्वतःच्या गावातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.
(आ) 'तू' या सर्वनामाची जवळिकीची आणि सत्तेची प्रत्येकी दोन उदाहरणे लिहा.

४.३.३ खोरी आणि त्यांना जोडणारे दुवे

बारा मावळांचा इतिहास जाळ्याच्या दृष्टीने वाचता येतो. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळिमकर, कानद खोऱ्यात मरळ, मुसे खोऱ्यात पासलकर अशी देशमुखांची घराणी सतराव्या शतकात नांदत होती. प्रत्येक खोऱ्यात आतील बंध घट्ट होते. खोऱ्याखोऱ्यांमध्ये मात्र वतनाचे आणि सीमेचे तंटे होते.

रोनाल्ड बर्ट या समाजशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये असे मांडले, की परस्परांशी न जोडलेल्या गटांच्या मधली पोकळी जो भरून काढतो, त्याला विशेष सामर्थ्य मिळते. शिवाजी महाराजांनी राजगडाला राजधानी करून या खोऱ्यांतील घराण्यांना स्वराज्याच्या एका सूत्रात आणले, या घटनेचा एक पैलू या संकल्पनेने उजळतो. दाट जाळ्याच्या मर्यादाही याच काळात दिसतात. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, तेव्हा कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूस ठाम राहिले. त्याच रोहिड खोऱ्यातील उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. एका खोऱ्यातले असणे एकजुटीस पुरेसे नव्हते. जवळिकीतच जुन्या वैराचीही मुळे होती. अर्थात, इतिहासातील घटनांचे संपूर्ण स्पष्टीकरण जाळ्याच्या संकल्पनेने होत नाही. निष्ठा, नेतृत्व आणि राजकीय परिस्थिती यांचा विचार स्वतंत्रपणे करावाच लागतो.

४.३.४ क्षीण बंधांचे सामर्थ्य

मार्क ग्रॅनोव्हेटर याचा १९७३ मधील निबंध या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला निबंध होय. अमेरिकेतील बोस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारले, की नोकरीची बातमी देणारी व्यक्ती त्या काळात किती वेळा भेटत असे. वारंवार भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले सुमारे १७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून सुमारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून सुमारे २८ टक्के होते. कारण उघड आहे. माझ्या जवळच्या माणसांना जे ठाऊक असते, ते बहुधा मलाही ठाऊक असते. नवी बातमी दूरच्या परिचिताकडून येते. हे क्षीण बंध दोन दाट जाळ्यांमधील सेतू होत.

हा सिद्धान्त भोर-वेल्ह्याला जसाच्या तसा लावता येईल काय? विसाव्या शतकात या डोंगरांतून माणसे मुंबईला गिरणीत आणि गोदीत, पुढे माथाडी कामावर गेली. त्यांना नेणारा दूरचा परिचित नव्हता; चुलता, मेहुणा किंवा गाववाला होता. गावाच्या नावाने घेतलेली खोली, एकत्र खानावळ, गावच्या देवाच्या उत्सवासाठी काढलेले मंडळ, अशा रीतीने खेड्यातील दाट जाळेच मुंबईत पुन्हा विणले गेले. येथे बंध दूरचा होता, पण क्षीण नव्हता. अंतर आणि जवळीक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही दुरुस्ती आपल्या परिसराचा अनुभव या सिद्धान्तात सुचवतो.

आजची परिस्थिती मात्र ग्रॅनोव्हेटरच्या बाजूने झुकते. पुण्यातील कार्यालयांत आणि शिरवळ परिसरातील कारखान्यांत प्रवेश मिळवण्यासाठी चुलत्याचा शब्द पुरत नाही. महाविद्यालयातील सहाध्यायी, प्रशिक्षणात भेटलेला सोबती, ग्रंथालयात ओळख झालेली व्यक्ती यांच्याकडून कळलेली जाहिरात उपयोगी पडते. ज्या मुलाचे सारे परिचित एकाच वाडीतले आहेत, तो गुणांनी कमी नसूनही बातमीत मागे राहतो.

४.३.५ जाळे आणि बोली

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. या साऱ्याचा भाषेशी काय संबंध?

लेस्ली मिलरॉय या भाषाशास्त्रज्ञ विदुषीने उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट शहरातील तीन कामगार वस्त्यांचा अभ्यास १९८० मध्ये ग्रंथरूपाने मांडला. प्रत्येक भाषकाला तिने त्याच्या जाळ्याच्या दाटपणानुसार शून्य ते पाच असे गुण दिले. वस्तीत नातलग आहेत काय, कामाच्या जागी वस्तीतली माणसे आहेत काय, कामानंतरही तीच सोबत असते काय, असे तिचे निकष होते. निष्कर्ष असा, की ज्याचे जाळे दाट, त्याच्या बोलण्यात स्थानिक बोलीची वैशिष्ट्ये सामान्यतः अधिक. दाट जाळे बोलीचे रक्षण करते, कारण वेगळे बोलणाऱ्याला ते लगेच हटकते. "लई शाना झाला का रं?" या प्रश्नाचा धाक तुम्हांला ठाऊक असेलच.

आपल्या परिसरातील काही रूपे पाहू : 'विहीर'ऐवजी 'इहीर', 'विळा'ऐवजी 'इळा', 'वेळ'ऐवजी 'येळ', 'पाणी'ऐवजी 'पानी', 'होतं'ऐवजी 'व्हतं'. ही रूपे पश्चिम महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दूरवर आढळतात आणि त्यांत नियम आहे. शब्दारंभीच्या 'वि'चा 'इ' होणे ही एक सुसंगत ध्वनिप्रक्रिया आहे. बोलणाऱ्याला शब्द नीट येत नाही म्हणून ती घडत नाही. वरंधा घाटाच्या पायथ्याकडील महाडच्या कुणबी बोलीचे शास्त्रीय वर्णन अमृत माधव घाटगे यांनी केले, तेव्हा अशा बोलींना व्याकरण असते हे अभ्यासकांपुढे सप्रमाण आले.

जाळे निराळे असेल, तर भाषेत निराळे काय घडते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड या गावी गंपर्झ आणि विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे गट पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या व्यवहारात एकत्र होते. त्यांच्या भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली, की शब्द तेवढे बदलले की वाक्याचे भाषांतर व्हावे. तरीही घरातली भाषा प्रत्येकाने सोडली नाही. व्यवहाराच्या धाग्यांनी भाषा जवळ आणल्या, घरच्या धाग्यांनी त्या वेगळ्या राखल्या.

भोर-वेल्ह्याच्या संदर्भात एका घटकाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. लग्न होऊन आलेली स्त्री दोन जाळ्यांमधील सेतू असते. घाटाखालून किंवा शेजारच्या खोऱ्यातून आलेली सून माहेरचे शब्द, म्हणी आणि ओव्या घेऊन येते. पुढे तिची मुले सासरच्या बोलीत बोलतात, पण तिचे काही शब्द धरून ठेवतात. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या पुढाकाराने पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागापासून सुरू झालेल्या संकलनात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. भाऊ, आई, लेक, सासर-माहेर ही त्यांतील नाती म्हणजे स्त्रियांनी स्वतः नोंदवलेला आपल्या जाळ्याचा नकाशाच होय. गिरणी आली, जाते थांबले, आणि पहाटे दोघी-तिघींनी एकत्र बसण्याचा तो धागाही सुटला. ओवी विसरली गेली ती स्मरणशक्ती कमी झाल्याने नव्हे. ती म्हणण्याची जागा उरली नाही.

४.३.६ जाळे तुटते तेव्हा

भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. त्यांच्या पाण्यावर पुणे शहर आणि पूर्वेकडील शेती उभी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात झालेला हाहाकार सर्वांना माहीत असतो. धरणाखाली गेलेल्या गावांचे तसे होत नाही.

पुनर्वसनात जमिनीला जमीन आणि घराला घर असा हिशेब मांडला जातो. सावडीला सावड कोण देणार? एका वाडीची घरे निरनिराळ्या गावांत विखुरली, तर प्रत्येक घराला छप्पर मिळूनही जाळे उरत नाही. भाताच्या खाचरांची भाषा, म्हणजे चिखलणी आणि लावणीचे शब्द, सपाट कोरड्या गावात निरुपयोगी ठरतात. बोली टिकवायची तर शब्दसंग्रह करणे आवश्यक आहेच. परंतु बोलणारी माणसे एकत्र राहणे ही तिची पहिली अट आहे.

दुसरा प्रसंग शिक्षणाचा आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. वेल्ह्याच्या एका वाडीतली मुलगी पुण्यात शिकायला येते. वर्गात "पानी" म्हणताच कोणी हसते. ती पुढे महिनाभर वर्गात बोलतच नाही. सुटीत घरी गेल्यावर प्रमाण भाषेत एक वाक्य बोलते, तर घरचे हसतात. दोन्ही हशांचे कारण एकच आहे : प्रत्येक जाळे आपापल्या बोलण्याची राखण करते. तिच्या उच्चारात दोष नाही, हे तिला कोणीतरी सांगणे आवश्यक आहे. प्रमाण भाषा हे व्यापक व्यवहाराचे साधन आहे. ती अवश्य शिकावी, कारण ती सेतूचे काम करते. मात्र सेतू बांधण्यासाठी काठ पाडावा लागत नाही. ज्याला दोन्ही जाळ्यांत वावरता येते, त्याच्याजवळ एक भाषिक क्षमता अधिक असते. मराठीचे भावी अध्यापक म्हणून ही जाण तुमच्याजवळ असणे, हा या घटकाचा व्यावहारिक हेतू आहे.

४.३.७ सिद्धान्ताच्या मर्यादा

जाळ्याचा सिद्धान्त नात्याची रेषा दाखवतो. त्या रेषेवरील माया, अपमान किंवा भीती दाखवत नाही. दोन भाऊ एका बांधावर वीस वर्षे अबोला धरून राहिले, तरी नकाशावर ते जवळचेच दिसतात. दुसरे असे, की जमीन, जात आणि लिंगभाव यांनी जाळ्यातील कोणाला कोणती जागा मिळेल हे आधीच पुष्कळसे ठरलेले असते. म्हणून या सिद्धान्ताचा उपयोग इतिहास आणि समाजरचना यांच्या अभ्यासासोबत करावा.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ग्रॅनोव्हेटरच्या सिद्धान्तात मुंबईकडील स्थलांतराच्या अनुभवावरून कोणती दुरुस्ती सुचते?
(आ) दाट जाळ्यात बोली अधिक टिकते, याचे कारण सांगा.

४.४ सारांश

ट्योनिस आणि दुर्खीम यांनी समाजाच्या एकात्मतेचे प्रकार सांगितले. बार्न्सने नात्यांकडे जाळे म्हणून पाहिले. ग्रॅनोव्हेटर आणि बर्ट यांनी सेतूंचे महत्त्व दाखवले. मिलरॉयने जाळ्याचा दाटपणा आणि बोली यांची सांगड घातली. भोर-वेल्ह्यातील भावकी, सोयरीक आणि सावड हे दाट जाळ्याचे धागे आहेत. सोयरीक आणि स्थलांतर यांमुळे हे जाळे बाहेरच्या जगाशी जोडले जाते. विस्थापनामुळे ते विस्कळीत होते. बोलीचे टिकणे, बदलणे आणि नाहीसे होणे या प्रक्रिया जाळ्याच्या स्थितीशी निगडित असतात.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'कुणापैकी?' या प्रश्नाचे सामाजिक आणि भाषिक कार्य सोदाहरण स्पष्ट करा.
२. दाट जाळ्याचे लाभ आणि धोके यांची चर्चा करा.
३. कुपवाड आणि बेलफास्ट येथील अभ्यासांची तुलना करा.

४.६ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील तीन पिढ्यांमधील प्रत्येकी एका व्यक्तीशी, त्यांची संमती घेऊन, अर्धा तास बोला. प्रत्येक व्यक्तीसाठी पुढील पाच बाबी तपासा : (१) भावकी त्याच वाडीत राहते काय, (२) सोयरीक जवळच्या गावांत आहे काय, (३) शेतीत अजून सावड होते काय, (४) कामाच्या ठिकाणी गावातील दोघे-तिघे सोबत आहेत काय, (५) भजन, जत्रा, तालीम किंवा बचत गट यांत तीच माणसे भेटतात काय. प्रत्येक होकाराला एक गुण द्या. त्यानंतर त्यांच्या बोलण्यातील 'इहीर', 'येळ', 'व्हतं' यांसारखी रूपे मोजा आणि गुणांशी ताडून पाहा. अपेक्षेप्रमाणे निष्कर्ष आला नाही, तर तो बदलू नका. तो का आला नाही, हे एका परिच्छेदात लिहा. खरा अभ्यास बहुधा तेथूनच सुरू होतो.